निवड टाळणारी महासत्ता: स्पर्धेच्या जगात अमेरिकी परराष्ट्र धोरणाचा फेरविचार

प्रश्न असा विचारला गेला आहे की, चीन बरोबरीला येऊन ठेपलेला, रशिया बळाने सीमा बदलू पाहणारा आणि भारत, ब्राझील, तुर्कस्तान, सौदी अरेबिया यांच्यासारखे देश आपापला मार्ग स्वतः ठरवणारे, अशा जगात अमेरिकेने आपल्या परराष्ट्र धोरणाचा फेरविचार कसा करावा. आणि गेल्या काही वर्षांत वॉशिंग्टनमध्ये जे बदल झाले त्यांना फेरविचार म्हणता येईल का. परराष्ट्र सेवेत असताना आणि त्यानंतरही अमेरिकी धोरणाचा अभ्यास हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. त्या अनुभवावरून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. अमेरिकेने जगाचे वर्णन बदलले आहे; त्या वर्णनानुसार जी निवड करावी लागते ती मात्र तिने अद्याप केलेली नाही. काय सोडायचे, काय राखायचे आणि जे राखायचे त्यासाठी बळ कोठून आणायचे, या तिन्ही गोष्टी एकत्र ठरल्या तरच त्याला धोरणाचा फेरविचार म्हणावे. नुसते ‘आता स्पर्धेचे युग आले आहे’ असे म्हटल्याने यांपैकी काहीच ठरत नाही.

वर्णन बदलले ते डिसेंबर २०१७ मध्ये. त्या महिन्यात ट्रम्प प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात चीन आणि रशिया यांना प्रचलित व्यवस्था उलथवू पाहणाऱ्या सत्ता म्हटले गेले, आणि पुढच्याच महिन्यात संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांच्या खात्याने दहशतवाद नव्हे तर राष्ट्राराष्ट्रांमधील स्पर्धा हीच अमेरिकेची मुख्य चिंता असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२२ मधील बायडेन यांच्या दस्तऐवजाने भाषा सौम्य केली, परंतु आंतरराष्ट्रीय व्यवस्था बदलण्याची इच्छा आणि त्यासाठी लागणारे वाढते बळ या दोन्ही गोष्टी केवळ चीनकडे आहेत, हा मुद्दा अधिक नेमकेपणाने मांडला. डिसेंबर २०२५ मधील दस्तऐवजाने क्रम पुन्हा फिरवला: पश्चिम गोलार्ध प्रथम, मन्रो सिद्धांताला (अमेरिका खंडांत बाहेरच्या सत्तांनी ढवळाढवळ करू नये या जुन्या भूमिकेला) ट्रम्प यांच्या नावाची नवी पुरवणी आणि युरोपवर कठोर टीका. म्हणजे आठ वर्षांत तीन दस्तऐवज झाले आणि तिन्हींचा भर वेगवेगळा.

परराष्ट्र खात्यात अशा दस्तऐवजांचे वाचन करताना एक सवय लागते. मजकूर वाचून झाला की अर्थसंकल्प पाहायचा, आणि अर्थसंकल्प पाहून झाला की जहाजे कोठे आहेत ते पाहायचे. या सवयीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. चीन हे मुख्य आव्हान असल्याचे एकमुखाने सांगितले जात असताना ऑगस्ट २०२४ मध्ये ‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका पॅसिफिकमधून तातडीने पश्चिम आशियाकडे वळवण्यात आली आणि मार्च २०२५ मध्ये ‘कार्ल व्हिन्सन’ही त्याच दिशेने गेली. येमेनमधील हूती बंडखोरांच्या क्षेपणास्त्रांपासून तांबडा समुद्र राखण्यासाठी महागडी क्षेपणास्त्रे वापरली गेली. प्रत्येक निर्णयामागे तात्कालिक कारण होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु ज्या देशाला मुख्य प्रतिस्पर्धी म्हणायचे त्याच्यासमोरचे बळ प्रत्येक वेळी दुसरीकडे हलवावे लागत असेल, तर प्राधान्यक्रम कागदावरच राहिला असे म्हणावे लागते.

खरा फेरविचार कसा असतो हे समजण्यासाठी अमेरिकेचाच इतिहास पुरेसा आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतून मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी पाठवलेली, सोव्हिएत वर्तनाचे विश्लेषण करणारी लांब तार सर्वांना माहीत असते. तिच्या मागची निवड मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. आधुनिक युद्ध लढण्याइतके औद्योगिक बळ जगात पाच ठिकाणीच आहे, असे केनन यांचे म्हणणे होते: अमेरिका, ब्रिटन, ऱ्हाइन नदीचे खोरे, जपान आणि सोव्हिएत संघ. यांपैकी चार ठिकाणे मॉस्कोच्या हाती जाऊ नयेत एवढे जपले की बाकी बऱ्याच ठिकाणचा पराभव सोसता येईल, असा त्याचा अर्थ होता. या विचाराला साधनांची जोड मिळाली. १९४८ पासून मार्शल योजनेखाली सुमारे १३ अब्ज डॉलर पश्चिम युरोपात गेले. त्याच वर्षी जूनमध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षातील सिनेटर व्हँडेनबर्ग यांच्या ठरावाने लष्करी युतीसाठी त्या पक्षाची संमती मिळवली आणि १९४९ मध्ये नाटो उभी राहिली. धोरण, पैसा आणि संसदेची मान्यता या तिन्ही गोष्टी तीन वर्षांच्या आत एकत्र आल्या, आणि म्हणूनच ते धोरण राष्ट्राध्यक्ष बदलले तरी टिकले.

त्यानंतर जे घडले तेही तितकेच महत्त्वाचे आहे. १९५० मधील एनएससी-६८ या गोपनीय दस्तऐवजाने केनन यांची निवडच पुसून टाकली. स्वातंत्र्याचा कोठेही झालेला पराभव म्हणजे सर्वत्र पराभव, अशी भूमिका त्यात होती. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर तिला पैसाही मिळाला आणि संरक्षणखर्च काही वर्षांत तिपटीहून अधिक वाढला. सर्वच ठिकाणे सारख्या महत्त्वाची ठरली की कोणतेही ठिकाण सोडता येत नाही, आणि त्या वाटेने अमेरिका व्हिएतनामपर्यंत पोहोचली. आज वॉशिंग्टनमधील चर्चा ऐकताना केनन यांच्या काळाचा, म्हणजे १९४७ चा, उल्लेख वारंवार कानी पडतो. विचारपद्धती मात्र बहुतेकदा १९५० ची असते. चीनने सोलोमन बेटांशी करार केला, आफ्रिकेत बंदर बांधले, लॅटिन अमेरिकेत खाण घेतली, की प्रत्येक घटना एकाच फलकावर मांडली जाते आणि प्रत्येकीला उत्तर देण्याची अपेक्षा निर्माण होते.

माझ्या मते आजच्या अमेरिकेला सर्वाधिक उपयोगी पडेल असे उदाहरण शीतयुद्धातले नाही, ते त्याआधीच्या ब्रिटनचे आहे. १८८९ पासून ब्रिटनचा अधिकृत मापदंड असा होता की, त्याचे आरमार पुढच्या दोन सर्वांत मोठ्या आरमारांच्या बेरजेइतके असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका, जर्मनी आणि जपान यांची आरमारे एकाच वेळी वाढू लागल्यावर हा मापदंड जगभर पाळणे अशक्य झाले, आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटनचा एकाकीपणाही उघड झाला होता. तेव्हा लंडनने सहा वर्षांत जे केले ते आजही थक्क करणारे आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये अमेरिकेशी केलेल्या ‘हे-पॉन्सफोट’ कराराने मध्य अमेरिकेतील कालव्यावरचा आपला हक्क सोडला आणि पश्चिम गोलार्ध व्यवहारतः अमेरिकेच्या हवाली केला. जानेवारी १९०२ मध्ये जपानशी युती करून पूर्वेकडील समुद्राचा भार वाटून घेतला. एप्रिल १९०४ मध्ये फ्रान्सशी इजिप्त आणि मोरोक्कोचे जुने तंटे मिटवले, आणि ऑगस्ट १९०७ मध्ये ज्या रशियाच्या भीतीने हिंदुस्थानची वायव्य सीमा शतकभर जागी ठेवली होती त्या रशियाशीही इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांबाबत समझोता केला. दरम्यान नौदलप्रमुख ॲडमिरल फिशर यांनी दूरदूरची जहाजे परत बोलावून घराजवळच्या समुद्रात एकवटली.

या निर्णयांना विरोध झाला नाही असे नाही. हिंदुस्थानात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झन यांनी १९०७ च्या समझोत्यावर लॉर्ड्स सभागृहात कडाडून टीका केली होती, कारण ज्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते सारे एका कराराने हलके झाले असे त्यांना वाटत होते. परंतु मंत्रिमंडळाने मुख्य धोका कोणता हे ठरवले होते, आणि त्यासाठी दुय्यम तंटे स्वतः नुकसान सोसून मिटवले. यात मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम: आधी मित्र जोडले, बहुतेक तंटे मिटवले आणि मग जहाजे हलवली. जहाजे आधी हलवून नंतर मित्रांना हिशेब मागितला नाही.

या उदाहरणाची काळी बाजूही सांगणे मला आवश्यक वाटते. ब्रिटनच्या या शहाणपणाची किंमत पुष्कळ अंशी इतरांनी मोजली. इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पडले आणि इराणला कोणी विचारले नाही; १९०५ मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात जाताना लंडनने हरकत घेतली नाही. शिवाय १९१४ चे युद्धही टळले नाही. म्हणून महासत्तांनी ‘दुय्यम तंटे मिटवावेत’ असे म्हणताना ते कोणाच्या भूमीवर मिटतात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. युक्रेन आणि तैवान येथील लोकांच्या मनात आज जी भीती आहे ती याच इतिहासातून आलेली आहे आणि ती निराधार नाही.

आता साधनांकडे वळतो, कारण माझ्या मते अमेरिकेची खरी अडचण तेथे आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चिनी नौदलाकडे आज ३७० हून अधिक जहाजे आहेत आणि अमेरिकेकडे २९० च्या आसपास. एकूण वजन, विमानवाहू नौका आणि अणुपाणबुड्या यांत अमेरिका अजून पुष्कळ पुढे आहे, म्हणून केवळ जहाजांच्या संख्येवरून निष्कर्ष काढू नये. परंतु जगातील व्यापारी जहाजबांधणीपैकी निम्म्याहून अधिक काम चिनी गोद्यांमध्ये होते, तर अमेरिकेचा वाटा एक टक्क्याच्याही कितीतरी खाली आहे. युद्धात बुडालेले जहाज पुन्हा कोण बांधू शकेल याचे उत्तर या आकड्यांत आहे. इटालियन आराखड्यावरून घेतलेल्या ‘कॉन्स्टेलेशन’ वर्गाच्या फ्रिगेटचे कंत्राट २०२० मध्ये दिले गेले. आराखड्यात इतके फेरफार होत राहिले की अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली दोन जहाजे वगळता तो कार्यक्रमच रद्द झाला. युक्रेन युद्धापूर्वी अमेरिका १५५ मिलिमीटरचे तोफगोळे महिन्याला सुमारे १४ हजार बनवत होती. ते उत्पादन २०२५ च्या अखेरीस एक लाखावर नेण्याचे लक्ष्य होते, परंतु त्या वर्षाच्या मध्यापर्यंत ते ४० हजारांच्या आसपासच पोहोचले होते. दोन देशांच्या युद्धात एका बाजूला पुरवठा करतानाच कोठारे रिकामी होऊ लागली, तर स्वतः लढण्याची वेळ आल्यास काय होईल याची चिंता पेंटॅगॉनमध्ये उघडपणे व्यक्त होते.

या तुटवड्याची झळ महाराष्ट्रातही जाणवते. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ विमानाने ऑक्टोबर २०२५ मध्ये उड्डाण केले. या विमानांसाठी जनरल इलेक्ट्रिककडून ९९ एफ-४०४ इंजिने घेण्याचा करार २०२१ मध्ये झाला होता. पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा मिळाले. यामागे कोणाचा हेतू वाईट नव्हता. उत्पादनाची बंद पडलेली साखळी पुन्हा जुळवायला वेळ लागला, इतकेच. परंतु भागीदार देशाच्या हवाई दलासाठी हेतूपेक्षा इंजिन महत्त्वाचे असते, आणि भारतीय हवाई दल स्क्वाड्रनच्या तुटवड्याला तोंड देत असताना दोन वर्षे हा मोठा काळ आहे.

पैशाची बाजूही ताणलेली आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने कर्जाच्या व्याजापोटी सुमारे ८८० अब्ज डॉलर भरले आणि ही रक्कम संरक्षणखर्चाहून अधिक होती. एकूण कर्ज डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ३६ लाख कोटी डॉलरवर गेले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घराइतकेच राष्ट्रालाही लागू आहे, परंतु अमेरिकी राजकारणात दोन्ही पक्ष पाय आखडण्याचे नावही घेत नाहीत आणि अंथरूण वाढवण्यासाठी करही वाढवू इच्छित नाहीत. डॉलर ही जगाची राखीव मुद्रा असल्यामुळे ही तूट इतकी वर्षे सोसवली. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवल्यानंतर अनेक मध्यवर्ती बँका सोन्याकडे अधिक वळल्या आहेत. डॉलरचे स्थान लगेच जाईल असे मला वाटत नाही, कारण त्याची जागा घेणारे दुसरे चलन दिसत नाही. परंतु या सामर्थ्याचा वापर जितक्या वेळा होतो तितकी त्याची धार कमी होते, हे वॉशिंग्टनच्या अर्थखात्यातील जाणकारही मानतात.

आर्थिक क्षेत्रात अमेरिकेने केलेली सर्वांत मोठी चूक माझ्या दृष्टीने जानेवारी २०१७ मधली आहे. बारा देशांचा ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी करार अमेरिकेनेच घडवून आणला होता आणि आशियातील व्यापाराचे नियम बीजिंगऐवजी वॉशिंग्टनने लिहावेत हाच त्यामागचा हेतू होता. त्यातून अमेरिका बाहेर पडली. उरलेल्या अकरा देशांनी जपानच्या पुढाकाराने तो करार तिच्याविना पूर्ण केला, आणि चीनचा समावेश असलेला आरसेप हा आशियाई व्यापार करार जानेवारी २०२२ पासून लागू झाला. मे २०२२ मध्ये बायडेन यांनी मांडलेल्या हिंद-प्रशांत आर्थिक चौकटीत अमेरिकेची बाजारपेठ उघडण्याचे आश्वासनच नव्हते, त्यामुळे आग्नेय आशियातील राजधान्यांत तिचे स्वागत शिष्टाचारापुरते झाले. सिंगापूर किंवा हनोई येथील अधिकाऱ्यांशी बोलताना हे वारंवार ऐकू येते: अमेरिकी नौदल आम्हाला हवे आहे, परंतु आमचा व्यापार चीनशी वाढतो आहे आणि दर वर्षी ही दरी रुंदावते.

निर्बंधांच्या मार्गाने काय साधते आणि काय साधत नाही, हे गेल्या तीन वर्षांत स्पष्ट झाले. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रे चीनला विकण्यावर कडक बंधने घातली. पुढे नेदरलँड्स आणि जपान त्यात सामील झाले, कारण त्यांच्याशिवाय ती बंधने पोकळ ठरली असती. ही कृती विचारपूर्वक होती, तिचे क्षेत्र मर्यादित होते आणि ती मित्रांसह केली गेली. त्याउलट एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरील शुल्क टप्प्याटप्प्याने १४५ टक्क्यांपर्यंत नेले जात असताना चीनने दुर्मिळ मृदा खनिजांच्या निर्यातीवर परवाना पद्धत लादली. या खनिजांच्या शुद्धीकरणापैकी सुमारे ९० टक्के काम चीनमध्ये होते आणि मोटारीपासून लढाऊ विमानापर्यंत सर्वत्र ती लागतात. काही आठवड्यांतच जिनिव्हात दोन्ही बाजूंनी माघार घेतली, आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग यांनी वर्षभराचा तह केला. या प्रसंगातून बीजिंगने घेतलेला धडा असा की, अमेरिकेला थांबवता येईल असे हत्यार आपल्याजवळ आहे. तो धडा देण्याआधी पर्यायी खाणी आणि शुद्धीकरणाचे कारखाने उभे करायला हवे होते. त्याला दहा वर्षे लागतात आणि ती दहा वर्षे २०१० मध्येच सुरू करता आली असती, कारण त्या वर्षी चीनने जपानचा या खनिजांचा पुरवठा रोखून इशारा दिलेलाच होता.

मित्रांचा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेतो आहे, कारण माझ्या मते सर्व प्रश्नाचा निकाल त्यावर लागतो. उद्योग, जहाजे, लोकसंख्या यांत चीन अमेरिकेची बरोबरी करू शकतो किंवा पुढे जाऊ शकतो. परंतु जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांचे उद्योग अमेरिकेच्या बाजूला धरले तर तोल पुन्हा निर्विवादपणे तिकडे झुकतो. चीनला असे मित्र नाहीत. उत्तर कोरिया हा त्याचा एकमेव करारबद्ध लष्करी मित्र आहे. म्हणजे स्पर्धेच्या जगात अमेरिकेजवळ जे आहे आणि प्रतिस्पर्ध्याजवळ नाही ते हेच. असे असताना या संबंधांना ओझे मानणे आणि मित्रांच्या परावलंबित्वाचा उपयोग त्यांच्याकडून सवलती काढून घेण्यासाठी करणे, ही मला गेल्या काही वर्षांतील सर्वांत चिंताजनक गोष्ट वाटते.

युरोपने संरक्षणावर अधिक खर्च करावा ही अमेरिकेची मागणी योग्यच होती. आयझेनहॉवर यांच्यापासून जवळपास प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने ती केली होती आणि युरोपने ती टाळली होती. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटो देशांनी २०३५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांचे लक्ष्य स्वीकारले, यात ट्रम्प यांच्या दबावाचा मोठा वाटा आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच काळात डेन्मार्कसारख्या नाटोच्या संस्थापक सदस्याच्या ग्रीनलँडवर हक्क सांगितला गेला. खर्च वाढवणारा मित्र आणि विश्वास गमावलेला मित्र हे एकाच वेळी निर्माण झाले. असा मित्र स्वतःसाठी शस्त्रे बनवील, पण तैवानच्या प्रश्नावर चीनविरुद्ध निर्बंध लावण्याची वेळ आली की आधी आपला हिशेब पाहील.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकी जहाजबांधणी पुन्हा उभी करायची तर कोरियाशिवाय पर्याय नाही. हान्व्हा या कोरियन कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियाची गोदी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी सेऊलने या क्षेत्रात १५० अब्ज डॉलर गुंतवण्याची तयारी दाखवली. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये, जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्यावर छापा घालून ३०० हून अधिक कोरियन कामगारांना बेड्या घालून नेण्यात आले. एक खाते गुंतवणूक मागते आणि दुसरे खाते गुंतवणूकदाराच्या माणसांना पकडते, तेव्हा धोरण नावाची गोष्ट अस्तित्वात आहे का, असा प्रश्न सेऊलमध्ये पडला असेल तर नवल नाही.

भारताच्या बाबतीतही हेच घडले. क्लिंटन यांच्या २००० मधील भेटीपासून पाच राष्ट्राध्यक्षांनी, पक्ष कोणताही असो, भारताशी संबंध वाढवत नेले होते. २००८ चा अणुकरार आणि २०१७ पासून पुन्हा उभा राहिलेला क्वाड (अमेरिका, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट) ही त्याची फळे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के आणि रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५ टक्के शुल्क लागले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पंतप्रधान मोदी सात वर्षांत प्रथमच चीनला, तियानजिन येथे गेले. ती भेट केवळ शुल्कामुळे ठरली असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२४ मधील सीमाकरारानंतर तो मार्ग आधीच खुला झाला होता. परंतु मुंबईच्या सीप्झमधील दागिन्यांचे कारखाने अमेरिकी बाजारावर जगतात, आणि पुण्यातील संगणक कंपन्यांपुढे पुढच्याच महिन्यात एच-१बी अर्जासाठी एक लाख डॉलरचे शुल्क उभे राहिले. अमेरिकेशी जवळीक हिताची आहे असे दिल्लीत सांगणाऱ्यांची बाजू यामुळे कमकुवत झाली, आणि ती सावरायला शुल्क मागे घेण्यापेक्षा अधिक काळ लागतो.

येथे एका लोकप्रिय कल्पनेविषयी लिहिले पाहिजे. निक्सन यांनी १९७२ मध्ये चीनला सोव्हिएत संघापासून दूर केले, तसे आता रशियाला चीनपासून दूर करावे, असे अनेकदा सुचवले जाते. निक्सन आणि किसिंजर यांनी ती फूट पाडली नव्हती. त्यांनी ती ओळखली आणि वापरली. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवर दोन्ही साम्यवादी देशांचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आज तशी फूट नाही. २०२३ मध्ये चीन-रशिया व्यापार सुमारे २४० अब्ज डॉलरवर पोहोचला आणि पाश्चात्त्य बाजार बंद झालेल्या मॉस्कोला बीजिंगशिवाय दुसरा मोठा ग्राहक भारतच आहे. युक्रेनचा प्रदेश देऊन रशियाला वळवता येईल हा हिशेब मला चुकीचा वाटतो: किंमत आगाऊ आणि खात्रीने मोजावी लागेल, आणि मोबदला पुतिन यांच्या मर्जीवर राहील.

मग करावे काय? माझ्या दृष्टीने अमेरिकेने पूर्व आशियाला प्रथम स्थान द्यावे, आणि ते खरोखर प्रथम असावे. युरोपातील जमिनीवरच्या संरक्षणाचा मुख्य भार युरोपीय देशांकडे जावा, पण वर्षवार वेळापत्रक ठरवून, आणि अण्वस्त्रांचे संरक्षण, उपग्रहांची माहिती व हवाई वाहतूक या ज्या गोष्टी युरोप इतक्यात उभ्या करू शकत नाही त्या अमेरिकेने चालू ठेवून. पश्चिम आशियात समुद्रमार्ग आणि अणुप्रसार यांपुरते हित मर्यादित करावे. आशियातील मित्रांना बाजारपेठ उघडून द्यावी, कारण नौदल पाठवून व्यापाराची जागा भरता येत नाही. आणि परराष्ट्र सेवा पुन्हा उभी करावी. राजदूतावास आणि वाणिज्य दूतावास यांच्या संख्येत चीन २७४ वर आणि अमेरिका २७१ वर, असे २०२४ चे चित्र होते. तरीही जुलै २०२५ मध्ये परराष्ट्र खात्यातून १,३०० हून अधिक लोकांना काढण्यात आले आणि केनेडी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली यूएसएड ही मदतसंस्था बंद झाली. आफ्रिकेतील एखाद्या जिल्ह्यात औषधे पोहोचवणारे केंद्र बंद होते तेव्हा त्यात माणसे मरतात, ही गोष्ट स्पर्धेच्या कोणत्याही हिशेबाआधी सांगितली पाहिजे. आणि हिशेबच पाहायचा तरी इतक्या कमी पैशांत इतका सद्भाव मिळवून देणारे दुसरे साधन अमेरिकेजवळ नव्हते.

प्राधान्य जाहीर करण्यात धोका आहे, हा आक्षेप गंभीर आहे. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी अमेरिकेच्या संरक्षणरेषेचे वर्णन करताना कोरिया बाहेर ठेवला, आणि जूनमध्ये उत्तर कोरियाने आक्रमण केले. त्या भाषणानेच युद्ध झाले असे इतिहासकार आता मानत नाहीत, तरी धडा उरतोच. तैवानबाबत १९७९ पासून ताकास तूर लागू न देण्याचे जे धोरण अमेरिकेने राखले आहे ते म्हणूनच मला अजूनही योग्य वाटते. परंतु भाषणात संदिग्ध राहणे आणि तयारीत संदिग्ध राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्राधान्य भाषणात सांगण्याची गरज नाही. ते गोद्यांत, कोठारांत आणि अर्थसंकल्पात दिसले पाहिजे.

सर्वांत अवघड भाग देशांतर्गत आहे. इराणशी २०१५ मध्ये झालेला अणुकरार २०१८ मध्ये मोडला गेला. पॅरिस हवामान करारात अमेरिका आली, गेली, परत आली आणि पुन्हा गेली. हे करार सिनेटच्या दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर झालेले नव्हते, राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर उभे होते, म्हणून पुढच्या सहीने पडले. आता वाटाघाटीच्या टेबलावर समोरचा देश अमेरिकेच्या शब्दाचे मोल चार वर्षांच्या मुदतीने करतो, आणि दीर्घ मुदतीच्या बदल्यात काही सोडायला तयार होत नाही. व्हँडेनबर्ग यांच्यासारखा विरोधी पक्षातला माणूस आज शोधून सापडत नाही, हे अमेरिकेचे दुर्दैव आहे.

निवड किती काळ टाळता येईल, याचे एक नेमके उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. ऑकस ही अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांची भागीदारी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि तिच्याखाली मार्च २०२३ मध्ये ठरल्यानुसार पुढील दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला व्हर्जिनिया वर्गाच्या अणुपाणबुड्या विकायच्या आहेत. आपल्या नौदलाची गरज आणि ऑस्ट्रेलियाचा वाटा दोन्ही भागवायचे तर वर्षाला दोनाहून अधिक पाणबुड्या बांधाव्या लागतील. सध्याचा वेग १.२ च्या आसपास आहे. अमेरिकी काँग्रेसने घातलेल्या अटीनुसार, या विक्रीमुळे अमेरिकेच्या स्वतःच्या पाणबुडी दलाला बाधा येणार नाही असे त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाला हस्तांतराच्या किमान २७० दिवस आधी प्रमाणित करावे लागेल. कनेक्टिकट आणि व्हर्जिनिया येथील गोद्यांना तोवर वेग आलेला नसेल, तर त्या राष्ट्राध्यक्षाला मित्राला दिलेला शब्द आणि स्वतःचे आरमार यांपैकी एक सोडावे लागेल, आणि टोकियो, सेऊल, कॅनबेरा व दिल्ली येथील परराष्ट्र खाती त्या प्रमाणपत्राची वाट पाहत असतील.